इन्स्टंट पॉटला काचेचं झाकण: दाब नको असेल तेव्हा

इलेक्ट्रिक प्रेशर कुकर घरात आला की त्याच्या वाट्याला ठरावीक कामं येतात: वरण-भात, राजमा, छोले, बटाटे उकडणं, कधी मटण. भाजी, पोहे, उपमा, मोदक, ढोकळा, आमटीचा शेवटचा कढ ही कामं शेगडीवरच राहतात. एवढं महागाचं, ओट्यावर कायम जागा अडवून बसलेलं यंत्र दिवसातून अर्धा तास वापरायचं आणि बाकीचा वेळ त्याच्याभोवती पुसत राहायचं, हे मला पटत नाही. त्यावर एक स्वस्त आणि साधा उपाय आहे, तो म्हणजे आतल्या भांड्यावर नीट बसणारं काचेचं झाकण. त्याने नेमकं काय बदलतं आणि काय बदलत नाही, हे एकदा समजलं की पुढचं सगळं आपलं आपल्याला सुचत जातं.

अमेरिका-कॅनडातल्या मराठी घरांमध्ये या यंत्राला सरसकट 'इन्स्टंट पॉट' म्हणतात, मग कंपनी कुठलीही असो. मूळ इन्स्टंट पॉट २०१० साली कॅनडात बाजारात आला; रॉबर्ट वँग हे त्याच्यामागचं प्रमुख नाव. त्याचं सगळ्यात जास्त दिसणारं माप सहा क्वार्टचं, म्हणजे साधारण पावणेसहा लिटरचं. या लेखातले आकडे त्याच मापाचे धरले आहेत. भारतात विकल्या जाणाऱ्या इलेक्ट्रिक प्रेशर कुकरांची रचनाही अशीच असते, त्यामुळे बहुतेक गोष्टी तिथेही लागू पडतील.

आता यंत्र उघडून बघू. तळाशी सुमारे १००० वॅटची गरम होणारी तबकडी. तिच्या मधोमध स्प्रिंगवर बसलेलं एक बटण, ते भांड्याच्या बुडाला टेकून तापमान मोजतं. समोर बटणांमागे छोटा संगणक, जो त्या तापमानाकडे बघून तबकडी चालू-बंद करतो. त्यावर स्टीलचं आतलं भांडं. खालचा भाग एवढाच, म्हणजे तापमान सांभाळणारी विजेची शेगडी. दाबासाठी लागणाऱ्या बाकी जवळजवळ सगळ्या गोष्टी वरच्या झाकणात असतात: सिलिकॉनची रिंग, वाफ सोडायचा व्हॉल्व, दाब आला की वर येऊन झाकणाला कुलूप घालणारी छोटी पिन, आणि झाकण फिरवून अडकवायच्या खाचा. झाकण बाजूला ठेवलं की दाबही बाजूला राहतो.

दाबाचं झाकण काय करतं ते आधी पाहू. उघड्या भांड्यात पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं आणि त्यापुढे कितीही आच दिली तरी तिथेच थांबतं. जास्तीची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाण्याचा उत्कलनबिंदूही वर सरकतो. इन्स्टंट पॉट 'हाय'वर साधारण ७० ते ८० किलोपास्कल जादा दाब धरतो, म्हणजे आत ११५ ते ११८ अंश होतात. आपला शिट्टीचा कुकर याहून थोडा वर, १२० अंशांच्या आसपास जातो, म्हणूनच त्याच डाळीला इन्स्टंट पॉटमध्ये दोन-चार मिनिटं जास्त लागतात. हे पंधरा-वीस अंश वरवर थोडे वाटतात, पण राजम्याच्या दाण्याला किंवा मटणाच्या चिवट भागाला त्यांच्यामुळेच तासाभराचं काम वीस-पंचवीस मिनिटांत होतं.

याची किंमत झाकणाला मोजावी लागते. नऊ इंच व्यासाच्या झाकणावर हा दाब आतून वर ढकलत असतो, आणि त्या ढकलण्याचा हिशेब केला तर तो तीनशे किलोंच्या वर जातो. म्हणून ते झाकण जाड, जड आणि खाचांमध्ये अडकणारं असतं. काचेचं झाकण नुसतं वर ठेवलेलं असतं, त्याला वाफ जायला भोक असतं, त्यामुळे त्याच्याखाली दाब तयारच होत नाही. नियम सरळ आहे: प्रेशर कुक, राईस, बीन्स अशा दाबाच्या कुठल्याही बटणासाठी काचेचं झाकण वापरायचं नाही. काही नव्या यंत्रांना झाकण अडकलेलं नाही हे कळतं आणि ती सुरूच होत नाहीत. जी सुरू होतात, त्यांत दाब कधीच येत नाही, यंत्र मात्र तो येण्याची वाट बघत तापत राहतं, पाणी उडून जातं आणि खाली लागतं. काच वरून दाबून धरणं, तिच्यावर वरवंटा ठेवणं, भोक बंद करणं हे तर अजिबात करू नये.

मग दाब नसलेलं झाकण कशाला, असं वाटू शकतं. उत्तर आपल्या स्वयंपाकात आधीपासून आहे. 'एक वाफ येऊ द्यावी' हे वाक्य पोह्यांपासून झुणक्यापर्यंत सगळीकडे येतं. वाफ येऊ देणं म्हणजे झाकण ठेवून पदार्थाला त्याच्याच ओलाव्यात शंभर अंशांपर्यंत नेणं, वरच्या थरालाही तेवढीच ऊब पोचवणं, आणि ओलावा फार जाऊ न देणं. दाबाच्या झाकणाला हे काम नीट जमत नाही. ते अडकवलं की बहुतेक यंत्रांत सॉटे, म्हणजे उघड्या भांड्यात परतायचा मोड, बंद पडतो, आणि बिनपाण्याच्या पदार्थात दाब धरायला पुरेशी वाफच तयार होत नाही. काचेचं झाकण असलं की हे वाफ काढणं त्याच भांड्यात होतं. या झाकणाचा सगळ्यात मोठा उपयोग माझ्या मते हाच.

थोडा हिशेब इथे उपयोगी पडतो. एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे २२५७ जूल लागतात. १००० वॅटची तबकडी पूर्ण जोरात चालली आणि सगळी उष्णता पाण्यातच गेली, तरी मिनिटाला साधारण २६ ग्रॅम पाणी उडतं. म्हणजे उघड्या भांड्यात अर्धा लिटर रस्सा आटवायला कमीत कमी एकोणीस मिनिटं हवीतच. झाकण पूर्ण ठेवलं की वाफेचा बराच भाग काचेला लागून थंड होतो, थेंब होऊन परत खाली पडतो. पाणी टिकतं आणि तीच उष्णता पदार्थाला मिळते. झाकण तिरकं ठेवलं की दोन्हींच्या मधलं काहीतरी होतं. आटवायचं असेल तर उघडं, वाफवायचं असेल तर बंद, आणि उडणारे शिंतोडे अडवत हळूहळू आटवायचं असेल तर तिरकं. काचेच्या झाकणाचं जवळजवळ सगळं तंत्र या तीन स्थितींत येतं.

भाजीचं उदाहरण घेऊ. फ्लॉवर-बटाट्याची सुकी भाजी दाबाखाली केली तर 'शून्य मिनिटं' लावूनही फ्लॉवरचा लगदा होतो, कारण दाब चढेपर्यंतच्या वेळात तो शिजलेला असतो. सॉटेवर मात्र ती सरळ होते. भांडं तापू द्यायचं, तेल, मोहरी, हिंग, हळद. इथे या भांड्याची एक सवय सांभाळावी लागते. स्टीलच्या आतल्या भांड्याचं बूड मधे किंचित फुगीर असतं, त्यामुळे तेल कडेला गोल जमतं आणि मधला भाग कोरडा राहतो. मोहरी कडेच्या तेलात टाकायची, म्हणजे नीट तडतडते. मधे टाकली तर करपते. मग भाजी घालून परतायची, मीठ घालायचं, दोन-तीन चमचे पाण्याचा हबका मारायचा, सॉटे 'लेस'वर, म्हणजे कमी आचेवर, आणायचा आणि काचेचं झाकण ठेवायचं. मिनिटाभरात काच धुरकट होते, मग तिच्यावर थेंब धरून ते कडेकडे ओघळू लागतात. हे ओघळणं सुरू झालं की आत पुरेशी वाफ आहे. ओघळणं थांबून काच कोरडी पडायला लागली की पाणी संपत आलं, आता हलवायला हवं. भाजी करपायच्या आधी हा इशारा काचेतून मिळतो, आणि पोलादी झाकणातून तो मिळणं शक्य नाही.

पोहे, उपमा, मोकळ भाजणी, झुणका हे सगळं याच पद्धतीने होतं. प्रमाण मात्र बेताचं ठेवावं. हे भांडं उंच आणि अरुंद आहे, आच फक्त खालून येते. कढईत पसरून होणारे सहा जणांचे पोहे इथे एकावर एक दाटतात, खालचे कोरडे होतात आणि वरचे गारच राहतात. तीन-चार जणांपुरतंच केलं तर छान होतं. बहुतेक इन्स्टंट पॉटमध्ये सॉटे तीस मिनिटांनी आपोआप बंद होतो, हेही माहीत असू द्यावं. ती सुरक्षेची सोय आहे. काम उरलं असेल तर बटण पुन्हा दाबायचं.

दाब आणि काच एकाच पदार्थात पाठोपाठ वापरता येतात, आणि रोजच्या स्वयंपाकात मला हीच जोडी सगळ्यात मोलाची वाटते. तुरीची डाळ दाबाखाली शिजवायची, दाब उतरून पिन खाली गेली की झाकण काढायचं, डाळ घोटायची, चिंच-गूळ, गोडा मसाला घालून सॉटेवर कढ आणायचा. या वेळी काचेचं झाकण तिरकं ठेवलं की आमटी ओट्यावर उडत नाही, आणि फेस वर चढताना दिसतो म्हणून उतूही जात नाही. पालक, शेवग्याच्या शेंगा, मटार अशा लवकर शिजणाऱ्या भाज्या डाळीबरोबर दाबाखाली घालायची गरज उरत नाही. त्या नंतर टाकून पाच-सात मिनिटं झाकण ठेवलं की रंगही राहतो. पुरणाचं मात्र वेगळं. चण्याची डाळ दाबाखाली शिजवून, कट काढून, गूळ घातला की पुढचं आटवणं उघड्यावरच व्हायला हवं. पाणी जाणं हाच तिथला उद्देश असतो, झाकण ते अडवतं. बासुंदीलाही हेच लागू.

आता मोदक. उकडीच्या मोदकांना दाब चालत नाही; भरभरून वाफ लागते, ती शंभर अंशांचीच. आपल्याकडे कुकरची शिट्टी काढून मोदक उकडतात ते याचसाठी. इन्स्टंट पॉटमध्ये बरेच जण दाबाचं झाकण लावून व्हॉल्व उघडा ठेवतात. तेही चालतं, पण तेव्हा यंत्राची वेळ मोजणी सुरू होत नाही, आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि मधेच पिन वर चढली तर झाकण उघडायला खोळंबा होतो. काचेच्या झाकणाखाली हे सगळं सोपं होतं.

पाणी किती घ्यायचं ते वरच्याच हिशेबावरून ठरतं. सॉटे 'मोअर'वर पंधरा मिनिटं पाणी खळखळलं तर झाकणातून निसटणारी वाफ धरून पाव-अर्धा लिटरपर्यंत पाणी कमी होऊ शकतं. दाबाखाली एक कप पाणी पुरतं, कारण वाफ कोंडलेली असते; ती सवय इथे आणली तर मोदक निम्मे झाले असताना भांडं कोरडं पडेल. म्हणून लिटरभर पाणी घ्यावं आणि त्याच्या पातळीच्या वर राहील अशी उंच जाळी ठेवावी. यंत्राबरोबर येणारी तिवई बुटकी असते, लिटरभर पाण्यात ती बुडते. तिच्याखाली एखादी स्टीलची वाटी उपडी ठेवून उंची वाढवावी, किंवा पायांची उंच जाळी घ्यावी. पाणी झाकण ठेवून आधी खळखळा उकळू द्यायचं. चाळणीत केळीचं पान घालायचं (बऱ्याच इंडियन स्टोअरमध्ये ते फ्रोझन मिळतं), मोदक एकमेकांना चिकटणार नाहीत असे ठेवायचे आणि मगच चाळणी आत सोडायची. बारा ते पंधरा मिनिटं. कच्च्या उकडीचा पांढरा मंदपणा जाऊन कळ्यांवर ओलसर चकाकी आली की झाले, आणि ती चकाकी काचेतून, झाकणाला हात न लावता, दिसते. दर दोन मिनिटांनी झाकण उचलून बघितलं की वाफ जाते आणि मोदकाला चीर पडायची भीती वाढते. ती भीती इथे राहत नाही.

एकच अडचण येते, ती थेंबांची. काचेवर जमलेलं पाणी मोदकांवर टपकलं तर कळ्या चिकट होतात. घुमटासारखं वर फुगलेलं झाकण असेल तर थेंब कडेने ओघळतात. सपाट झाकण मात्र मधेच टपकतं. यावर आजीच्या काळापासूनचा उपाय आहे: झाकणाच्या आतून स्वच्छ पंचा घेऊन त्याची चारी टोकं वर मुठीवर घट्ट बांधायची. पंचा थेंब शोषून घेतो. टोकं लोंबकळून गरम भागाला लागत नाहीत ना, आणि वाफेचं भोक अगदीच बुजलं नाही ना, एवढं बघायचं. पंचा बांधला की आत दिसत नाही हे खरं. पहिला घाणा पंच्याशिवाय करून वेळेचा अंदाज घ्यावा, पुढचे पंचा बांधून करावेत. अळूवडीचे उंडे, कोथिंबीरवडी, ढोकळा, इडली सगळ्यांना हीच रीत. इडलीचं स्टँड उंच असतं, तिथे घुमटाच्या झाकणाने मिळणारी दोन बोटं जागा कामाला येते. यंत्र ओट्यावरच्या कपाटाखाली ठेवून वाफ काढू नका. इतकी वाफ रोज लागली की लाकडी फळी फुगते. चिमणीखाली किंवा खिडकीजवळ सरकवावं.

दही आणि आंबवणं या कामांत काचेच्या झाकणाची गरज सगळ्यात सहज कळते. योगर्ट मोड ३६ ते ४३ अंशांच्या दरम्यान भांडं सांभाळतो. त्या तापमानाला कसलाच दाब नसतो, वाफही नाही. नुसतं काहीतरी वर झाकलेलं हवं, मग दाबाचं झाकण का लावायचं? आणि त्याचा एक खरा तोटाही आहे: सिलिकॉनची रिंग वास धरून ठेवते. काल मटणाचा रस्सा केला असेल तर रिंग कितीही घासली तरी लवंग-दालचिनी आणि लसणाचा वास तिला राहतो, आणि सात-आठ तास तिच्याखाली मुरलेल्या दह्यात तो उतरतो. त्या दह्याचा चक्का बांधून श्रीखंड केलं तर केशर-वेलचीच्या मागून गरम मसाला डोकावतो. काही जण गोडासाठी वेगळी रिंग ठेवतात. काच वास धरत नाही, धुतली की संपलं.

दूध ८२-८३ अंशांपर्यंत तापवून, मग कोमट म्हणजे ४३ अंशांच्या आसपास येईपर्यंत थांबायचं, विरजण घालायचं, काचेचं झाकण ठेवून योगर्ट मोड सुरू करायचा. सहा ते आठ तास लागतात. दही लागताना भांडं हलवू नये, हलवलं की पाणी सुटतं. काचेतून बघता येत असल्याने ढवळून किंवा कलवून पाहायचा मोह टळतो. कडेने दही सुटलेलं आणि वर हलकंसं पिवळसर पाणी दिसलं की झालं.

इडली-डोशाच्या पिठाच्या बाबतीत तर काचेचं झाकण सोयीपेक्षा सुरक्षेचं आहे. मिनेसोटा, ओंटारिओ किंवा न्यू जर्सीच्या हिवाळ्यात घरात वीस अंश असले तर पीठ दोन दिवसांत धड फुगत नाही, म्हणून बरेच मराठी लोक ते योगर्ट मोडवर आंबवतात. चांगलं आंबलेलं पीठ दुप्पट होतं. भांडं निम्म्याहून जास्त भरलं असेल तर ते वर चढून झाकणाला भिडतं. दाबाचं झाकण असेल तर पीठ पिनेच्या छिद्रात आणि व्हॉल्वमध्ये शिरतं आणि वाळतं. मग पिन वर अडकून झाकण उघडत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे तेच झाकण पुढच्या वेळी दाबाला लावलं तर वाफेची वाट अर्धवट तुंबलेली असते. काचेच्या झाकणाखाली पीठ फार तर झाकण उचलून कडेने ओघळेल, त्यातही ते वर येताना आधीच दिसेल. पिठाला तीस अंशांच्या आसपासची ऊब पुरते. योगर्ट मोडमध्ये 'लेस' अशी कमी पातळी असेल तर ती घ्यावी, नसेल तर नेहमीच्या पातळीवर वेळ कमी ठेवून लक्ष ठेवावं. मीठ नंतर घालायचं की आधी, यावर घराघरांत मतं आहेत. भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही यावर मात्र दुमत नसावं.

'स्लो कुक' हे बटण भारतीय घरांत फारसं कोणी दाबत नाही, आणि दाबलं तर अपेक्षाभंग होतो. या मोडमध्ये काचेचं झाकण ठेवायची शिफारस असते, तरीही यातली आच चारी बाजूंनी तापणाऱ्या अमेरिकन स्लो कुकरसारखी नसते; ती फक्त बुडाला असते. 'लेस' पातळीला अन्न ८२ ते ८८ अंशांपर्यंत राहतं, 'मोअर'ला ९३ ते ९९. जुन्या स्लो कुकरच्या पाककृतीतलं 'लो' इथे नेहमी कमी पडतं. 'मोअर' घ्यावं आणि वेळही वाढवावी. मटणाचा पातळ रस्सा, सूप, पाया असल्या गोष्टींना ते ठीक आहे.

इथे एक धोक्याची गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. राजमा स्लो कुकवर कधीही कच्चा शिजवू नका. लाल राजम्यात फायटोहेमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. भिजवलेला राजमा खळखळ उकळला, निदान दहा मिनिटं आणि शक्यतो अर्धा तास, की ते निकामी होतं. पण ८० अंशांच्या आसपास रेंगाळत शिजलेल्या राजम्यात ते टिकतं; अशा अर्धवट तापलेल्या दाण्यांत त्याचा त्रास कच्च्या दाण्यांपेक्षाही जास्त होऊ शकतो. दाणा मऊ झालेला दिसतो, म्हणून शिजला असं वाटतं, आणि दोन-तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. राजमा दाबाखालीच शिजवावा. मग हवं तर सॉटेवर काचेचं झाकण तिरकं ठेवून मसाल्यात मुरवावा.

'कीप वॉर्म' ६३ ते ७८ अंशांच्या दरम्यान असतं. गरम ठेवलेलं अन्न ६० अंशांच्या वर असलं म्हणजे जंतू वाढत नाहीत, म्हणून पाहुणे येईपर्यंत रस्सा, सार, कढण ठेवायला हे चांगलं. वाढताना दरवेळी फिरवून उघडायच्या जड झाकणापेक्षा काचेचं झाकण कितीतरी सुटसुटीत. मसालेभात किंवा पुलाव मात्र यावर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये, खालून कोरडा होतो.

झाकण घेताना माप महत्त्वाचं. सहा क्वार्टच्या भांड्याला नऊ इंची आणि आठ क्वार्टच्या भांड्याला दहा इंची झाकण येतं. तीन क्वार्टचं त्याहून लहान. कंपनीचंच हवं असं नाही. घरातल्या एखाद्या कढईचं किंवा पातेल्याचं झाकण त्याच मापाचं असेल तर तेच वापरा, नवं घेऊ नका. ते आतल्या भांड्याच्या काठावर बसलं पाहिजे. यंत्राच्या बाहेरच्या काठावर टेकलं तर वाफेचं पाणी भांड्याबाहेर पडतं. कडेला स्टीलची पट्टी आणि वाफेचं भोक हवं, आणि मूठ हातमोजा घालूनही धरता येईल एवढी मोठी. आपल्याकडे भाजीवर ताट ठेवून त्यात पाणी घालतात, तसं इथे करायला हरकत नाही असं वाटेल, कारण मापाचं स्टीलचं ताट बसतंही. पण विजेच्या यंत्रावर पाण्याने भरलेलं ताट उचलताना ते कलंडण्याची शक्यता असते. म्हणून ताट वापरलं तरी ते कोरडंच ठेवावं.

काचेबद्दलही थोडं कळलेलं बरं. या झाकणांची काच टेम्पर्ड असते. साधी काच सहाशे अंशांच्या वर तापवून तिच्यावर थंड हवेचे झोत सोडतात. वरचा थर आधी गोठतो, आतला मागाहून आकसतो आणि वरच्या थराला कायमचा आवळून धरतो. त्या आवळण्यामुळे ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते आणि फुटलीच तर धारदार सुऱ्यांऐवजी बारीक दाण्यांसारखे तुकडे होतात. पण हा सगळा तोल त्या वरच्या थरावर असतो. कडेला टवका उडाला किंवा खोल ओरखडा पडला की तोल बिघडतो, आणि झाकण त्या क्षणी न फुटता पुढे कधीतरी, गरम असताना, एकदम फुटतं. टवका दिसला की झाकण टाकून द्यावं, चालवून घेऊ नये. गरम झाकण लगेच नळाखाली धरू नये आणि ओल्या ग्रॅनाइटवर ठेवू नये. कोरड्या फडक्यावर किंवा लाकडी पाटावर उलटं ठेवावं. रिकामं भांडं तापवताना झाकण बाजूलाच असू द्यावं. तारेच्या घासणीने काच घासू नये, साबण आणि मऊ स्पंज पुरतो.

उंचीवर राहणाऱ्यांना एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवावी लागते. डेन्व्हरला, सोळाशे मीटरवर, पाणी ९५ अंशांना उकळतं. महाबळेश्वरलाही जवळपास तेवढ्यालाच. काचेच्या झाकणाखालचं तापमान त्याच्या वर जाणार नाही, म्हणून तिथे मोदकांना दोन-तीन मिनिटं आणि भाज्यांना थोडा जास्त वेळ द्यावा लागतो. डाळी-कडधान्यं तर तिथे दाबाखालीच शिजवावीत.

झाकण आणल्यावर पहिल्यांदा नुसतं लिटरभर पाणी घालून सॉटे 'मोअर'वर लावावं आणि झाकण ठेवून दहा मिनिटं बघावं. वाफ भोकातून सरळ वर येत असेल आणि झाकण जागेवर स्थिर असेल तर माप बरोबर आहे. वाफ एकाच बाजूने फुसफुसत असेल किंवा झाकण थडथडत असेल तर ते काठावर नीट बसलेलं नाही; ते बदलून आणावं. पाणी उकळल्यावर किती मिनिटांत किती कमी झालं तेही मोजून ठेवावं. आपल्या यंत्राचा तो आकडा कळला की मोदकांना किती पाणी लागेल आणि रस्सा किती वेळात आटेल, दोन्ही सांगता येतं.